प्रॉम्प्टरबाईंचे ओठ

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. प्रॉम्प्टरबाईंच्या बाबतीत गंमत अशी, की त्या खोडीचाच त्यांना इतकी वर्षं पगार मिळत होता. नाटक कंपनीत विंगेत उभं राहायचं आणि नट वाक्य विसरला की ते पुरवायचं, हे त्यांचं काम. आवाज प्रेक्षकांत जाऊन चालत नाही, म्हणून बाई शब्द नुसते ओठांवर मांडायच्या, तेही इतके स्वच्छ, की भल्याभल्यांनी त्यांच्या ओठांवरून टाळ्या घेतल्या. घरीही तेच. नवऱ्याने "अगं, माझा तो..." एवढं म्हणायचा अवकाश, बाईंनी "फ्रिजवर" म्हणून वाक्य संपवलेलंच असायचं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं आणि स्वतःचा चष्मा त्याला कधी सापडत नसे.

कंपनीचा नायक मोठा ऐटबाज होता. संहितेला म्हणून हात लावायचा नाही. बाईंनी त्याला अख्खं नाटक वाचून दाखवायचं आणि त्याने ते ऐकून पाठ करायचं. केवढा हा माज, असं सगळे म्हणत, बाईसुद्धा म्हणत. पुढे कंपनी बंद पडली आणि एकदा एका शाळेत डिस्लेक्सियावरचं व्याख्यान त्यांच्या कानी पडलं. मूल हुशार असतं, पण छापलेली अक्षरं काही केल्या त्याच्याशी ओळख ठेवत नाहीत. मग ते नाना युक्त्या करून ते लपवतं. ऐकता ऐकता बाईंच्या डोळ्यांपुढे नायक उभा राहिला. माज कसला, त्या बिचाऱ्याला वाचताच येत नव्हतं! परतताना बाई बसस्टॉपवर उभ्या राहून ढसाढसा रडल्या, आणि ज्या वयात मैत्रिणी गुडघ्यांविषयी बोलत होत्या त्या वयात त्यांनी अशा मुलांना वाचायला शिकवण्याच्या अभ्यासक्रमात नाव घातलं.

लेखी परीक्षा त्यांनी हां हां म्हणता मारली. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात. परीक्षक मोठ्या मॅडम कोपऱ्यात बसणार आणि बाईंनी त्यांच्यादेखत एका मुलीचा तास घ्यायचा. सगळ्या नियमांवरचा नियम एकच : मूल अडलं तर थांबायचं. त्याने अक्षर वाळूच्या तबकात बोटाने गिरवावं, आवाज काढून जोडावेत, पण शब्द त्याचा त्याला सापडला पाहिजे. तयार शब्द हातात ठेवणं म्हणजे त्याचं वाचणं हिरावून घेणं.

बाईंच्या वाट्याला आलेल्या मुलीला तिच्या वर्गात 'वकील' म्हणत, कारण वाचायची पाळी आली की ती इतके मुद्दे मांडायची की तास संपून जायचा. पहिल्या परीक्षेत वकील दुसऱ्याच ओळीवर अडली आणि बाईंच्या तोंडून शब्द सुटला. नापास.

दुसऱ्या खेपेला बाईंनी तोंडाला कुलूप घातलं. आणि काय आश्चर्य! वकील घडाघडा वाचत सुटली. बाईंना आकाश ठेंगणं झालं.

"छान," मोठ्या मॅडम शेवटी म्हणाल्या. "फक्त ती पुस्तक वाचत नव्हती. तुमचं तोंड वाचत होती."

बाईंनी वकिलाकडे पाहिलं.

"मग काय?" वकील म्हणाली. "बाईंच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. पुस्तक कुठे काही सांगतं?"

आता एकच संधी उरली होती. ती गेली की सगळं वर्ष पुन्हा करायचं, आणि वकील दुसऱ्या कुणाकडे जाणार. वर्षाचं बाईंना एवढं वाटत नव्हतं. पण या पोरीने त्यांना नायकाची आठवण करून दिली होती. तीच ऐट, तीच हुशारी, आणि सगळी हुशारी लपवण्यात खर्च. तिला तशीच मोठी होऊ द्यायला त्यांचं मन तयार होईना.

म्हणून बाईंनी घरी चेहरा दगडासारखा ठेवायचा सराव सुरू केला. परिणाम भलताच झाला. नवरा जेवताना "आज दुकानात एक..." म्हणाला आणि सवयीने थांबला. समोरून काहीच येईना. एवढ्या वर्षांत स्वतःचं वाक्य त्याला कधी संपवावं लागलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं होतं ते त्यालाच आठवेना. त्याने घाबरून आमटीत पाणी ओतून घेतलं.

सासूबाईंची वेगळीच गत. खाई त्याला खवखवे! सुनेचा तो निर्विकार चेहरा दोन दिवस सोसून त्या तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाल्या, "हे बघ, तुझी ती काचेची बरणी माझ्याच हातून फुटली. मांजरीवर उगाच ढकललं मी. पण आता बोल बाई काहीतरी."

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?" नवरा म्हणाला.

बाईंचा ओठसुद्धा हलला नाही. आपण तयार झालो, हे त्यांना तेव्हाच कळलं.

परीक्षेच्या दिवशी धडा होता न्हावी झालेल्या हत्तीचा. खोलीत एक टेबल, वाळूचं तबक, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मोठ्या मॅडम. वकिलाने सुरुवात केली.

"हत्तीने... ओंडका उचलला."

छापलेलं होतं 'वस्तरा'. बाई गप्प. वकिलाने वर पाहिलं. बाईंच्या तोंडावर कोरा कागद.

"हत्ती ओंडकाच उचलतात," वकिलाने मुद्दा मांडला.

बाईंनी तबक हळूच पुढे सरकवलं.

वकिलाने खुर्चीत चुळबूळ केली, खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग तिची नजर कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच खिळली. तिचा चेहरा एकदम उजळला. बाईंनी वळून पाहिलं तर काय, लोका सांगे ब्रह्मज्ञान! मोठ्या मॅडम खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या, आणि त्यांचे ओठ 'व... स्त... रा' असे स्वच्छ हलत होते. विंगेत उभ्या असत्या तर बाईंनी त्यांना शाबासकीच दिली असती.

आता नुसतं मूग गिळून बसलं की झालं. पोरगी शब्द म्हणेल, मॅडम खूश होतील, प्रमाणपत्र हातात पडेल. कुणाला कळणार होतं? बोलावं तर परीक्षकालाच चूक दाखवायची, तीही शेवटच्या संधीला.

"व..." वकील कोपऱ्याकडे बघत म्हणाली.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "तोंड फिरवून बसा."

"काय म्हणालात?"

"ती तुम्हाला वाचतेय. भिंतीकडे बघून बसा, प्लीज."

मोठ्या मॅडम लालबुंद झाल्या. आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नसावं. मग त्या उठल्या, खुर्ची उचलून फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

वकिलाने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. सगळे साक्षीदार फुटलेले. तिने मोठा उसासा टाकला आणि तबकात बोट घातलं. व. मग स आणि त यांची जुळणी, एकदा चुकली, पुसली, पुन्हा गिरवली. बाईंच्या ओठांना नुसत्या मुंग्या येत होत्या. जीभ दाताखाली धरून त्या बसल्या होत्या.

अचानक पोरगी थांबली. "बाई, तुम्हीसुद्धा तिकडे फिरा."

"अगं, मी काही करत नाहीये!"

"पण तुम्ही दिसलात की मला विचारावंसं वाटतं."

बाईंनी निमूटपणे खुर्ची उचलली आणि मोठ्या मॅडमच्या शेजारी भिंतीपाशी नेऊन ठेवली. शिक्षा झालेल्या पोरांसारख्या दोघी शेजारी शेजारी बसल्या. मागे वाळूत बोट फिरत होतं. मोठ्या मॅडमनी बाईंचा हात घट्ट धरला, की बाईंनी त्यांचा, ते सांगता येणार नाही.

"वस्... वस्तरा," मागून आवाज आला. "हत्तीने वस्तरा उचलला. आणि... सिंहाला... विचारलं, दाढी की... नुसत्या मिश्या?"

मग ती स्वतःशीच खुदकन हसली. तिला विनोद कळला होता. कुणी सांगितल्याशिवाय, छापलेल्या कागदावरून. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

वकील पुढची ओळ वाचू लागली, मग तिच्या पुढची. अडत होती, वाळूत जात होती, परत येत होती.

"पास," मोठ्या मॅडम भिंतीला म्हणाल्या.

"शूऽऽ!" मागून दटावणी आली. "मी वाचतेय ना?"