पडदा हलला नाही
धाकटीने थोरल्या जावेला मुद्दाम दवाखान्यात सोबत आणलं होतं. नवरा येतो म्हणत होता, त्याला तिने कामावर पिटाळलं. तिला साक्षीदार हवा होता, आणि तो हाच हवा होता.

वर्षभर थोरली घरभर सांगत फिरत होती, "एक्स-रे स्वच्छ आहे. फुप्फुसं ठणठणीत आहेत. जिने चढायचा कंटाळा, दुसरं काय!" धाकटीचा आजारच असा होता, की शरीराची राखण करणारी शक्ती घरभेदी होऊन सांधे, कातडी, स्नायू कुरतडत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत पोचेपर्यंत ती धाप लागून दोनदा जिन्यात बसे. तळमजल्याची खोली थोरलीकडे होती. "डॉक्टर म्हणाले तर दादा-वहिनींशी बोलतो," नवरा म्हणाला होता. म्हणजे आज त्या खोलीचा निकाल होता.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या उजव्या बरगड्यांखाली गार जेल लावलं आणि सोनोग्राफीचा दांडा टेकवला.

"फुप्फुसं आपण होऊन हलत नाहीत, ताई. छाती आणि पोटाच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो. तो खाली सरकला, की हवा आत येते. ही पांढरी कमान दिसते ना, तोच तो. घ्या, मोठा श्वास घ्या."

धाकटीने कालच ठरवून ठेवलं होतं. अर्धाच घ्यायचा. चित्र असं भयंकर दिसलं पाहिजे, की जावेची बोबडी वळेल.

कमान जराशी हलली. डॉक्टरीणबाई स्क्रीन सोडून तिच्या गळ्याकडे बघू लागल्या.

"पडदा थकला, की मानेचे स्नायू मदतीला धावतात. तुमची मान तर निवांत पडली आहे. तुम्ही जोरच लावत नाही आहात."

"मी काय म्हणत होते!" कोपऱ्यातून थोरली फिसकन हसली. "इथे येऊनसुद्धा सोंगच!"

धाकटीच्या कानशिलांत आग पेटली. सूड हातातोंडाशी आला होता आणि तिने स्वतःच तो मातीत घातला होता.

"पुन्हा बघा," ती म्हणाली.

या वेळी तिने जीव खाऊन श्वास ओढला. मानेच्या दोऱ्या ताठ झाल्या, खांदे कानांकडे गेले, डोळ्यांत पाणी आलं. कमान तितकीच हलली. मग डॉक्टरीणबाईंनी नाकाने झटक्यात हुंगायला लावलं, कुशीवर दांडा धरून पडद्याची जाडी मोजली. श्वास घेताना तो फुगायला हवा होता. तसाच पातळ राहिला.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा गंभीर झाला.

"मशीन जुनं असेल," थोरली म्हणाली.

"मग जाऊबाईंना लावून बघा ना," धाकटी गोड आवाजात म्हणाली. "होऊन जाऊ दे."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर विचार केला. "चालेल. निरोगी पडदा कसा असतो तेही दिसेल."

थोरली तोऱ्यात आडवी झाली. तिने श्वास घेतला आणि कमान स्क्रीनवर हातभर झेपावल्यासारखी खाली गेली. पुन्हा घेतला, पुन्हा गेली. तिला उठवेना. ती नुसती बघत राहिली.

"यांचा आजार पडद्यात शिरलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध आजच वाढवायला हवं. आणि जिने बंद."

रिक्षात थोरली हळूच म्हणाली, "अगं, मला काय ठाऊक? सावकाश सोय करू खोलीची."

"सावकाश कशाला? आजच. आणि तुमचं सामान वर तुम्हीच न्यायचं, वहिनी. माणूस लावायचा नाही, भाऊजींना हाक मारायची नाही. तुमचा पडदा धडधाकट आहे, डॉक्टरांनी दाखवलाय."

"एवढा राग?"

"वर्षभराचा आहे. मुरलाय चांगला."

संध्याकाळी धाकटी तळमजल्यावर खुर्ची टाकून बसली. थोरली गादी खांद्यावर घेऊन जिन्याला लागली, पहिल्याच वळणावर कठड्याला अडकली आणि आपल्याच गादीखाली गडप झाली. धाकटीला गडगडून हसायचं होतं, पण तेवढी हवा छातीत मावेना. मग ती थांबत थांबत, दम घेत, हप्त्याहप्त्याने हसली. एकही हप्ता तिने सोडला नाही.