लाल ठिगळ

हेस्टरने तंबूची घडी उलगडली आणि आतून उंदरांचं अख्खं घरटं खाली पडलं. वाळलेलं शेवाळ, कुरतडलेल्या चिंध्या, आणि कापडाच्या मधोमध भाकरीएवढं भोक.

"तीन हिवाळे फुकटात काढलेत की रे!" ती म्हणाली. पण ऐकायला उंदीर जागेवर नव्हते.

चूक तिचीच होती. तिचा नवरा सायलस होता तेव्हा तंबू कधी जमिनीला टेकत नसे. शिकारीहून परतलं की तो दोन दिवस दोरीवर वाळायचा आणि मग कोठाराच्या आढ्याला टांगला जायचा. पत्र्याच्या चुलीतली राख काढून तिला अस्वलाची चरबी चोळली जायची. सायलस गेला त्या वर्षी हेस्टरने सगळं सामान कोठारात ढकललं आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर तीन वसंत ती गावातच राहिली. उपसागराच्या काठी रानहंस उतरू लागले की अर्धं गाव शिकारीच्या तळावर तंबू ठोकायला जायचं आणि हेस्टरच्या दारात कुणीतरी दोन हंस ठेवून जायचं. पिसं उपटलेले, साफ केलेले. लोक मायेनेच द्यायचे. पण स्वतः पिसं न उपटता खाल्लेला हंस तिला गोड लागत नसे. यंदा मी जाणार, असं तिने लेकीला, लोर्नाला, सांगून टाकलं होतं.

उद्या पहाटे, बर्फ कडक असतानाच, बर्फगाड्या निघायच्या होत्या. आणि आज दुपारी जोसाया सगळ्यांचं सामान बघायला येणार होता. जोसाया म्हणजे तिचा थोरला दीर आणि शिकारीचा म्होरक्या. कुठल्या तळ्यावर बसायचं, कुठल्या तळ्याला विसावा द्यायचा, बरोबर कोण येणार, सगळं त्याच्या शब्दावर. वारा पडला की तो कुणालाही गोळी झाडू देत नसे. आवाज लांब जातो आणि हंस पुन्हा त्या जागी उतरत नाहीत.

"आई, नवा तंबू मागव ना," लोर्ना म्हणाली.

"यायला दहा दिवस लागतील. तोवर हंस थांबणार आहेत का माझ्यासाठी?"

जाड कापड शोधता शोधता तिच्या हाताला खुंटीवरचा सायलसचा जुना कोट लागला. तिने जरा वेळ तो नुसता धरून ठेवला. मग त्याची पाठ कापली आणि दात साफ करायच्या मेणाच्या दोऱ्याने ठिगळ लावायला बसली. तो दोरा कुजत नाही, तुटत नाही. टाके असे बारीक पडले की ती स्वतःवरच खूश झाली.

जोसाया आला. कुऱ्हाडीच्या धारेवर अंगठा फिरवला, धुराड्याचे तुकडे एकात एक बसवून बघितले, मग चुलीत डोकावला.

"ही चूल आहे की चाळणी?"

"तळाला वाळू घालीन, भावोजी. तुमच्या होडीपेक्षा कमीच गळते."

तो हसला. मग तंबूकडे वळला आणि त्याचं हसू थांबलं.

"हेस्टर, हे लाल आहे."

हेस्टरच्या हातातली सुई तशीच राहिली. वसंतात तळावर सगळे पांढऱ्यात वावरतात; बर्फात रंग दिसला की हंस उतरत नाहीत. रंगीत रुमाल बांधून आलेल्या किती पोरींना तिने स्वतः परत पाठवलं होतं! गावात राहून तिचे डोळेही गावचेच झाले होते.

"तंबू झाडीत तर असतो, काका," लोर्ना म्हणाली.

"हंस वरून येतात पोरी, पायवाटेने नाही." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी ये, हेस्टर. तुझे हंस मी स्वतः आणून देतो."

"मला तुमचे हंस नकोत," ती म्हणाली. "पिसं उपटायचीत मला. निघायला पहाटेपर्यंत वेळ आहे ना? मग पांढरं जाड कापड कुठे मिळेल तेवढं सांगा."

जोसाया ठिगळावर वाकला. "हा सायलसचा कोट?"

"हो."

"ह्याच कोटापायी मी त्याला एकदा तळावरून घरी हाकलला होता. नवा घेतला म्हणून मिरवायला आला होता, शहाणा!" तो असा हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मग त्याने अंगावरचा शिकारीचा पांढरा डगला काढून तिच्या मांडीवर टाकला. "घे. पाठ काप ह्याची."

"आणि तुम्ही काय घालणार?"

"हाच. मी हंसांना पाठ कधी दाखवत नाही."

दिवेलागणीच्या आत पांढरं कापड लालवर बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळावर तंबू उभा राहिला. जोसायाने टेकाडावर चढून, मान तिरकी करून बघितलं आणि पसंतीची मान डोलावली. बाहेरून पांढराच पांढरा. आत मात्र ऊन आरपार आलं की भोकाच्या जागी कोट लालसर उजळायचा. सूचिपर्णीच्या ताज्या डहाळ्यांवर हेस्टर बसली होती, तिच्या गुडघ्यांवर तो उजेड पडला होता.

दाराचा पडदा बाजूला झाला. जोसाया उभा होता, पाठीवर उघडा पडलेला तपकिरी स्वेटर, आणि त्याला झुडपाच्या काटक्या चिकटलेल्या.

"दुपारपासून झुडपाला पाठ लावून बसलोय तुझ्यामुळे," असं म्हणत त्याने एक जड, ऊबदार हंस तिच्यापुढे टाकला. "हा घे. उपट."