सुतकातलं वायफाय

पोटचा साईश सोडला तर विमलाने आपल्या हातांनी वाढवलेलं लेकरू एकच, पेडण्याच्या भावाची सिद्धी. आई गेली तेव्हा पोर रांगत होती. शाळेत जाईपर्यंत ती सुर्ल्याला आत्याच्याच कुशीत झोपायची. आज तिचं लग्न, आणि आत्या घरात बसलेली.

कारण शेजारचे चुलत दीर वारले होते. विहिरीच्या वाटणीवरून त्या माणसाने जन्मभर विमलाचं तोंड पाहिलं नाही, पण मरायला मुहूर्त बरा शोधला! बोलणं तुटतं, सुतक काही तुटत नाही. सुतकी बाई मांडवात कशी जाणार?

“आते, फोटोवालो लाइव्ह लावतलो. तू घराकडसून बघ,” सिद्धीने समजूत घातली होती. म्हणून विमला सकाळपासून मोबाइल डब्याला टेकवून बसली होती.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि चित्र अडकलं. अंतरपाट, सिद्धीचं कपाळ, त्यावर गरगरणारं चाक.

“साईश! काय लावलंस रे?”

“गेम डाउनलोड जाता, आई. अर्धो जालो.”

“तुझ्या भयणीचं लगीन आसा रे मेल्या!”

त्याने निमूट गेम थांबवला. चाक फिरतच राहिलं. मग त्याने राऊटरचं ॲप उघडलं आणि त्याचा चेहरा पडला.

“परेश. टीव्हीर पिच्चर बघतत.”

परेश म्हणजे मेलेल्या दिराचाच मुलगा. बाप गेला त्या दिवशी बोटीवरच्या भावाला व्हिडिओ कॉल लावायला त्याने पासवर्ड मागितला होता. मढ्याच्या घराला नाही म्हणू नये, म्हणून विमलानेच द्यायला लावला. आता जळफळून काय उपयोग?

साईशने पासवर्ड बदलला, राऊटर बंद करून चालू केला. चित्र आलं तेव्हा मांडवात खुर्च्या मोकळ्या होत्या आणि माणसं जेवणाकडे निघाली होती.

तेवढ्यात सिद्धीचा फोन. “आते, हार घातल्यार कॅमेऱ्याक बघून तुका नमस्कार केलंय. बघलंस मां?”

“बघलंय गो बाय. बरी दिसलंस.” तिने फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडली.

कुंपणापलीकडून परेशची हाक आली, “काकी, नेट गेला काय गो?”

विमला दारात आली. सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “सुतक आसा रे! सुतकात पिच्चर बघणत नाय!”