दोन सर्व्हर, एक सासूबाई

स्वातंत्र्याची सुरुवात घरापासून होते, असं आमच्या थोरल्या मेहुण्यांनी जाहीर केलं आणि त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड बदलून टाकले. बड्या कंपन्यांची झाडून सगळी ॲप सासूबाईंच्या फोनमधून गेली. त्यांच्या जागी एक जाळं आलं, ज्याला मालक नाही. ज्याने त्याने आपापला सर्व्हर ठेवायचा आणि सर्व्हरांनी एकमेकांशी बोलायचं. थोरल्यांचा सर्व्हर कपाटात, इस्त्रीच्या शेजारी बसला. परगावी राहणाऱ्या धाकट्या मेहुण्यांनी आपला वेगळा मांडला. एका आईच्या दोन मुलांनी एकाच सर्व्हरवर राहावं, हे दोघांनाही हुकूमशाहीकडे झुकणारं वाटलं.

मग एकदा थोरल्यांनी त्या जाळ्यावर लिहिलं की स्क्रीनचा मागचा भाग पांढराच असावा. काळ्या स्क्रीनवाले काम करत नाहीत, करताना दिसतात. धाकट्यांनी खाली लिहिलं, ‘दादा, पांढऱ्या स्क्रीनवाल्यांना डोळे असतात, काम नसतं.’

थोरल्यांनी धाकट्यांचा अख्खा सर्व्हर ब्लॉक केला. मालक नसलेल्या जाळ्यात हे चालतं, कारण तिथे प्रत्येकजण मालक असतो.

मधल्या मध्ये सासूबाई. राहायच्या थोरल्यांकडे, खातंही त्यांच्याच सर्व्हरवर, म्हणजे धाकट्यांचं काही दिसेना. आणि धाकट्यांना नुकतीच मुलगी झालेली. त्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे ती नजर फार तर दोन महिने टिकेल. सासूबाईंनी त्रागा केला नाही. “तेवढ्यात नातीचं तोंड बघून घेते,” एवढंच म्हणाल्या.

धाकटे फोनवर म्हणाले, “आई, माझ्या सर्व्हरवर सगळं आहे. दादाला ब्लॉक काढायला सांग.”

“आधी माफी मागू दे,” थोरले म्हणाले.

“कशाची?” माझ्या बायकोने विचारलं. “काळ्या रंगाची?”

“तुला नाही कळायचं. तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“बरं बाबा. मग मेलवर पाठव म्हणते त्याला.”

“तो मेलला सांकेतिक कुलूप लावूनच पाठवणार, किल्लीशिवाय उघडायची नाही. किल्ल्या समोरासमोर द्यायच्या असतात, तीच योग्य पद्धत.”

“मग भेटा की!”

“त्याला?”

फोटो छापून टपालाने पाठव, असंही तिने धाकट्या भावाला सांगून पाहिलं. पण प्रिंटरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं असतं म्हणून त्याने प्रिंटर कधीच विकून टाकला होता. दुकानात जाऊन छापायचा, तर फोटो परक्या माणसाच्या कॉम्प्युटरवर जाणार.

शेवटी धाकट्यांच्या सर्व्हरवर मीच खातं उघडायचं ठरवलं. ‘इथे का यायचं आहे?’ असा प्रश्न होता. मी लिहिलं, ‘तुमच्या आईंना नात दाखवायला.’ कारण मोघम असल्याने अर्ज परत आला. दुसऱ्या खेपेला मी खुलं सॉफ्टवेअर आणि मानवी प्रतिष्ठा यांवर दोन परिच्छेद पाडले. ते समितीपुढे गेले. समितीत धाकटे मेहुणे आणि त्यांचा एक मित्र होता. मित्राने मधल्या काळात स्वतःचा सर्व्हर थाटला होता, त्यामुळे बैठक भरेना.

मंजुरी आली तेव्हा सासूबाई कप ठेवायला टेबल चाचपायला लागल्या होत्या.

आम्ही दोघं त्यांच्या खोलीत गेलो. मी धाकट्यांचं पान पार खालपर्यंत सरकवलं, मग पुन्हा वरपर्यंत. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती.

“आला का फोटो?” सासूबाईंनी हात पुढे केला. “द्या इकडे, जावईबापू.”

मी फोन तसाच धरून उभा राहिलो. बायकोने माझ्या हातातून फोन घेतला, एक फोटो मोठा केला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो नाकाला टेकेल इतका जवळ धरला.

“उजेड दिसतोय गं. आणि हे काळंकाळं काय, केस?”

“हो.”

“बरेच आहेत की! नाक कुणावर गेलंय?”

“तुझ्यावर,” बायको म्हणाली.

थोरले दारात येऊन उभे राहिले होते. “मागचा भाग पांढरा आहे ना?” त्यांनी विचारलं. पांढराच आहे म्हटल्यावर समाधानाने परत गेले.

लहान मुलांचे फोटो टाकायचे नाहीत, हा धाकट्यांच्या सर्व्हरचा पहिला नियम आहे. फोटो कीबोर्डचा होता.