सुनेने चाखलेला पहिला घास

घड्याळजींनी खिशातून भिंग काढलं, उजव्या डोळ्याला लावलं आणि ताटातली दुधीची भाजी तपासायला घेतली. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात याच भिंगातून त्यांना केसाएवढी स्प्रिंग दिसायची. इथे मोहरीचे दोन दाणे दिसले, आणि त्यांचाही त्यांना संशय आला.

"काय घातलंस यात?" त्यांनी सुनेला विचारलं.

"रोजचंच, बाबा. तिखट तर घातलेलंच नाही."

"मग छातीत जाळ कशाने होतो?"

सुनेने त्यांच्या ताटातला एक घास उचलला, खाल्ला आणि ताट परत त्यांच्यापुढे सरकवलं. त्या दिवसापासून हा नेमच झाला. आधी ती घास खायची, मग ते जेवायचे. रोज त्या घासाबरोबर ती केवढा अपमान गिळते, हे मुलाच्या ध्यानात आलं, बापाच्या नाही. मुलाने वेगळं घर पाहून ठेवलं. महिनाअखेर आम्ही जातो, एवढंच तो म्हणाला. घड्याळजींची पत्नी सहा वर्षांपूर्वीच गेली होती. आता ते आणि भिंतीवरची घड्याळं, एवढंच घरात उरणार होतं.

दोन वर्षं पित्ताने त्यांचा पिच्छा पुरवला होता. आंबट ढेकर, घशाशी येणारं पाणी, अर्धवट झोप. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्या ते शेंगदाण्यांसारख्या चघळत. सून घरात आली त्याच वर्षी दुखणं सुरू झालं, हा त्यांचा पुरावा. त्याच वर्षी दुकानातला मदतीचा माणूस सोडून गेला आणि त्याचंही काम त्यांनी अंगावर घेतलं, हे मात्र ते सोयीने विसरत.

शेवटी त्यांनी एक डाव टाकला. दुपारचा घरचा डबा गुपचूप दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याला द्यायचा आणि आपण कोपऱ्यावरच्या खानावळीतलं साधं जेवण मागवायचं. डब्यात काही असेल तर चष्मेवाल्याचं पोट बोलेल. आठ दिवस ते त्याच्यावर डोळा ठेवून होते. चष्मेवाला ठणठणीत. उलट म्हणाला, "काका, वहिनींना सांगा, भाजी थोडी जास्त द्या." घड्याळजींची छाती मात्र जळतच राहिली. याचं पोटच दगडाचं, असं म्हणून त्यांनी तो पुरावाही निकालात काढला.

नवव्या दिवशी दुपारी मागच्या गल्लीतल्या वैद्यबाई आपलं दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ न्यायला आल्या.

"मागे का पडत होतं हो हे?"

घड्याळजी खुलले. "आडवं ठेवलं की नीट चालतं, उभं केलं की मागे पडतं. म्हणून आम्ही घड्याळ आल्याआल्या उघडत नाही. आडवं, पालथं, उभं, सगळ्या बाजूंनी एकेक दिवस ठेवायचं, वहीत लिहायचं. मग दोष सापडतो."

बोलताबोलताच आंबट पाणी वर आलं. त्यांनी छाती धरली आणि सुनेवरचा सगळा राग बाईंपुढे ओकून टाकला. वैद्यबाईंचं लक्ष टेबलावर होतं. अर्धवट उघडलेल्या घड्याळाला खेटून खानावळीचा रिकामा डबा आणि लिंबू पिळलेला काळा चहा.

"जेवताना काम करता?"

"वेळ कुठे आहे?"

"आणि जेवल्यावर लगेच असेच पोट दुमडून बसता?"

"घड्याळ काय उभ्याने दुरुस्त होतं?"

"घड्याळाला तुम्ही सगळ्या बाजूंनी ठेवून पाहता," वैद्यबाई म्हणाल्या. "सुनेवर मात्र काही न तपासता ठपका ठेवलात. स्वतःला किती बाजूंनी पाहिलंत?"

घड्याळजींनी डोळे बारीक केले. "पुड्या किती घ्यायच्या तुमच्या?"

"एकही नाही. आयुर्वेदात औषधाआधी पथ्य येतं. काम बाजूला ठेवून सावकाश जेवा, चार घास कमी. मग शंभर पावलं चाला, तासभर वाकू नका. रिकाम्या पोटी चहा नको, लिंबू नको. सकाळी रात्रभर भिजवलेल्या धन्यांचं पाणी घ्या. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, उशाकडची बाजू उंच, आणि डाव्या कुशीवर झोपा. पंधरा दिवसांत फरक पडला नाही, किंवा घास अडकायला लागला, वजन उतरलं, तर मात्र मोठ्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. त्यात कमीपणा नाही."

काही न विकता सांगते, म्हणजे हिला कुणीतरी पढवून पाठवलंय, असं घड्याळजींना वाटलं. तिला खोटं पाडायचं म्हणूनच त्यांनी नवी वही उघडली आणि घरचा डबा परत स्वतः खायला घेतला. पाच दिवस पथ्य काटेकोर पाळलं. जळजळ कमी होतहोत पाचव्या दिवशी थांबली. सहाव्या दिवशी घाईचं गिऱ्हाईक आलं, ते शेवटच्या घासासरशी टेबलावर वाकले आणि दहा मिनिटांत छाती पेटली. त्या दिवशीही डब्यात दुधीच होता.

त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. डबा तोच, भाजी तीच, सूनही तीच. वाकला होता तो घड्याळजी! लोकांच्या घड्याळांतले दोष शोधण्यात जन्म गेला, आणि स्वतःचा दोष त्यांनी दोन वर्षं एका मुलीच्या माथी मारला होता.

संध्याकाळी ताट आलं. सवयीने सुनेचा हात पहिल्या घासाकडे गेला. घड्याळजींनी ताटावर तळहात धरला.

"नको, पोरी."

"तपासायचं नाही का, बाबा?"

"तपासलं. दोष सापडला. माझ्यात होता." मग त्यांनी वही दाखवली आणि चष्मेवाल्याचीही गोष्ट सांगून टाकली.

"म्हणजे आठ दिवस मी चष्मेवाल्याला जेवू घालत होते?" सून हसली, आणि हसताहसता तिचे डोळे भरले.

"जायचं की राहायचं ते तुम्ही दोघं ठरवा," ते मुलाला म्हणाले. "पण जाल तर माझ्या संशयामुळे जाऊ नका. मी चुकलो."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "आधी जेवून घ्या, बाबा. सावकाश."

आपलं पोट बिघडलं की आपण आधी स्वयंपाकघराकडे बोट दाखवतो. वाचकहो, ते बोट उचलण्याआधी आपण कधी जेवतो, कसे जेवतो आणि जेवून उठल्यावर काय करतो, एवढं आठ दिवस लिहून पाहा. पित्ताला पथ्याने आवर घालता येतो. संशयाला मात्र आपली चूक कबूल करण्यावाचून दुसरा उतारा नाही.

महिना संपला. त्या घरात अजून तीन ताटं मांडली जातात, आणि आपापल्या ताटातला पहिला घास जो तो स्वतःच खातो.