पुलाखालचे दोन इंच

दचकू नका. धक्क्यावर उभं राहून तुम्ही ज्या कठड्यावर कॉफीचा कप ठेवलाय, तो कठडा माझा आहे. मी एक बोट आहे, आणि आजच बोलून घेतेय, कारण उद्या दुपारनंतर बोलून काही उपयोग नाही.

माझं पोट पत्र्याचं, सपाट, नाक बोथट, रंग काळा. मला पाहून कुणी 'अगंबाई, किती गोड!' म्हटल्याचं आठवत नाही. मी विटा वाहायचे. सव्वीस वर्षं वाहिल्या. विटा भरल्या की छातीपर्यंत पाण्यात बसायचे आणि कुठल्याही पुलाखालून ऐटीत निघून जायचे. पुढे विटा ट्रकने जाऊ लागल्या आणि मला एका आडबाजूला बांधून ठेवलं. सात वर्षं माझ्या पोटात पावसाचं पाणी आणि एक बदकीण, एवढेच राहिले. बदकीण स्वभावाने बरी होती.

मग साहेबांनी मला विकत घेतलं. साहेब मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी इतरांनी मोजलेल्या जमिनींच्या नकाशांच्या नकला काढल्या. स्वतः टेप कधी हातात धरली नाही. बाईंची बोटीला हरकत नव्हती. घरात बसून नवरा आपल्याला स्वयंपाक शिकवणार, त्यापेक्षा तो पाण्यात बसलेला बरा, असा त्यांचा हिशेब.

ठरलं असं, की हिवाळ्यातला एक महिना शहराच्या ऐन मध्यावर, बाजारचौकाच्या धक्क्याला राहायचं. तेवढ्यात मला घरासारखं करून घ्यायचं आणि नदीच्या मुखाशी मुलगी राहते तिथे, तिच्या दारासमोर, कायमचं जायचं. धक्क्याचा परवाना एकाच महिन्याचा. इथे येण्याजाण्याची वाटही एकच, त्या समोरच्या दगडी पुलाखालून. येताना माझं बुटकं छप्पर त्याखालून आरामात आलं.

पहिल्याच आठवड्यात बाईंचं डोकं त्या छपराला चार वेळा आपटलं.

"अहो, मी बाई आहे, कासव नाही!" त्या म्हणाल्या.

साहेबांनी छप्पर उंच करायला सुतार बोलावला. सुतार अनुभवी. त्याने आधी पुलाकडे बोट दाखवलं. "साहेब, माप घेतलंत?"

"पुलावर पाटी आहे. उंची लिहिलीय."

"पाटी आहे हो. पण एकदा काठी लावून बघू की."

"सरकारी पाटीला काठी लावतोस? मग आम्ही खात्यात काय गवत उपटत होतो?"

सुताराने करवत काढली. पाटी लिहिली तेव्हा नदीवर बंधारा नव्हता. आता बंधाऱ्यामुळे पाणी बाराही महिने चढलेलं असतं. पण हे पाटीला कुणी कळवलं नव्हतं.

छप्पर सुरेख झालं. बाई ताठ उभ्या राहून भाजी चिरू लागल्या. दहाव्या दिवशी साहेबांनी मला पुलापर्यंत फिरवून आणायचं ठरवलं. कर्रकन आवाज झाला आणि मी थांबले.

"दोन इंच," सुतार म्हणाला. "फक्त दोन."

"पाटी चुकीची आहे," साहेब म्हणाले, आणि धक्क्यावर परतल्यावर पाटीविरुद्ध तक्रारअर्ज लिहायला बसले. छप्पर उतरवायचं तर ते कापायला हवं, आणि सुताराला सवड थेट उन्हाळ्यात.

तेव्हापासून मी अडकलेय. समोर माणसांचा पूर वाहतोय आणि मी दोन दोरांत जखडलेली. येणारेजाणारे माझ्या खिडकीत डोकावतात. साहेब दाढी करत असले तर थांबून पूर्ण होईपर्यंत बघतात. थंडीने माझ्या भिंतींना आतून घाम फुटतो. बाई सकाळी गाद्या उन्हात टाकतात, तर लोक त्यावर बसून सँडविच खातात.

परवाना संपत आला तसा कोपऱ्यावरचा हॉटेलवाला येऊ लागला.

"काका, द्या मला बोट. हलते ना, तेवढंच वाईट. गिऱ्हाइकाला मळमळतं. पोटात काँक्रीट ओतलं की काम झालं. वर खुर्च्या, दिवे. जन्मभर इथेच!"

जन्मभर. तो हे कौतुकाने म्हणत होता.

मागच्या रविवारी धक्क्यावर बँडवाले आले. बघता बघता माणसं माझ्या छपरावर चढून बसली. साहेब त्यांना हाकलायला निघाले, तोच आतून हाक आली.

"अहो, आधी इकडे या. ही कडी बघा."

"आता कडीचं काय मध्येच?"

"रोज कपबशा विसळताना धक्क्याची ही दोर बांधायची कडी माझ्या नाकासमोर असते. आज डोळ्यांसमोर आहे."

"तू वाकली असशील."

"मी नाही, बोट वाकलीय! माणसं हाकलू नका, मोजा."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः टेप धरली. वर तेवीस माणसं; मी एक इंच खाली. त्यांनी तीनदा मोजलं. मला जे सव्वीस वर्षं ठाऊक होतं, ते मोजणी खात्याला त्या दुपारी कळलं.

लगेच त्यांनी माणसं चढवून पूल ओलांडायच्या परवानगीचा अर्ज काढला. बाईंनी तो घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला. "याचं उत्तर येईतो माझी नात लग्नाची होईल," त्या म्हणाल्या. "आणि नात अजून व्हायचीय!" पुलापलीकडे मुखापर्यंत दुसरा पूल नाही आणि बंधाऱ्याला बोटींसाठी दार आहे, हे त्या स्वतः किनाऱ्याने चालत जाऊन बघून आल्या. मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी माझ्या कठड्याला टांगला: 'उद्या सकाळी दहाला पन्नास माणसं हवीत. पुलापलीकडे उतरवू. चहा मिळेल.'

आतापर्यंत एकतीस जणांनी होकार दिलाय, सुतार धरून. परवाना उद्या बाराला संपतो. तोवर मी इथून हलले नाही तर साहेबांना मला विकावंच लागेल, आणि हॉटेलवाल्याने काँक्रीटची गाडी साडेबाराला सांगून ठेवलीय.

तेव्हा तुम्ही कप उचला, घरी जा, नीट झोपा. सकाळी नक्की या, आणि येताना सडपातळ मित्राऐवजी दुसरा कुणी मिळाला तर बघा. माझ्यावर पाय टाकताना संकोच करू नका. मला ओझ्याची सवय आहे, त्याच्यावाचूनच माझी ही दशा झालीय.

आणि हो, न्याहारी भरपेट करून या.