उलटा एम

साडू हे नातंच असं, की दोघांपैकी एक जण तरी जळणारच. इथे थोरला जळत होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून त्यानेच याला प्रयोगशाळेत चिकटवलं, आणि तीन वर्षांत या पठ्ठ्याने टंगस्टनमध्ये चिमूटभर रेनियम घालून असा मिश्रधातू केला, की साहेब उठता-बसता त्याचंच कौतुक करत. रविवारी सासरी जेवायला गेलं तरी सासरेबुवा विचारत, "धाकट्या जावईबापूंचं टंगस्टन काय म्हणतंय?" थोरल्याच्या बावीस वर्षांच्या टंगस्टनला काय तोंड नव्हतं? घास गिळवत नसे त्याला.

आज सोक्षमोक्ष होता. दोघांच्या दोन कांड्या एकाच भट्टीत, अठ्ठावीसशे अंशांवर. जी ताठ राहील तिचा मिश्रधातू पुढे जाणार, आणि ज्याची ती, तो विभागप्रमुख.

थोरल्याचा दबदबा होता तो त्याच्या हाताचा. कांडी तळव्यावर घेतली की धातू कोणता ते तो सांगे, आणि काटा मागाहून तेच म्हणे.

सकाळी ट्रे भट्टीपाशी आला. आसपास कुणी नाहीसं बघून त्याने साडूची कांडी उचलली. बघू तरी, काय दिवे लावलेत! तर हात चटकन वर गेला. हलकी! टंगस्टनच्या निम्मीच. अरे, हे तर मॉलिब्डेनम! त्या कांड्यांवर खडूने एम लिहीत, टंगस्टनवर डब्ल्यू. एम उलटा धरला की डब्ल्यूच दिसतो, म्हणून जुनी माणसं अक्षराखाली रेघ मारत. धाकट्याला ती रेघ म्हणजे म्हातारचळ वाटे. घ्या आता! अठ्ठावीसशेला हिचं पाणी होणार.

एक शब्द बोलला असता तर भागलं असतं. त्याने कांडी होती तशी ठेवली. मनात उकळ्या फुटत होत्या.

दुपारी भट्टी उघडली तेव्हा साडूची कांडी वितळून थोरल्याच्या कांडीवर ओघळली होती. दोन्ही बाद.

धाकटा पांढराफटक पडला. "चूक माझीच, साहेब. अक्षर उलटं वाचून दुसरीच कांडी ठेवली. पण सकाळी भाऊजींनी ती हातात घेतलेली मी दारातून पाहिली. ते काही बोलले नाहीत, म्हणून मी वजन केलं नाही. त्यांचा हात कधी चुकत नाही ना!"

साहेब थोरल्याकडे वळले. "काय हो, घेतली होती?"

कळलं होतं म्हणावं, तर मत्सर चव्हाट्यावर.

"घेतली होती," तो म्हणाला. "पण... हाताला कळलं नाही."

"उद्यापासून प्रत्येक कांडी काट्यावर घाला," साहेब म्हणाले. "कुणाच्या हातावर जाऊ नका."

धाकट्याने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मनापासून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका, भाऊजी. वयाने होतं असं."